वाळूवरची कडू भाकरी

एकदा एक नदी होती आणि तिच्या दोन तीरांवर दोन राजांचा अंमल होता. नदीला अर्थातच याची वार्ता नव्हती. ती दोन्ही काठांना सारखीच भिजवी आणि उन्हाळा आला की दोन्हीकडे सारखीच वाळू सोडून आत सरके. माणसांना मात्र हद्द पक्की ठाऊक होती. अलीकडे बाजारपेठेचे एक सुखवस्तू गाव, पलीकडे दुसऱ्या राजाची चौकी, आणि मधला खोल डोह ओलांडायला एकच नाव.

त्या वर्षी घाटावरच्या मुलुखात ज्वराची साथ पसरली. बातमी कानी पडताच पलीकडच्या राजाने नाव बंद केली. नेमकी त्याच सुमारास पाथरवटांची एक टोळी घाट उतरून नदीकाठी पोहोचली. ही माणसे वर एका किल्ल्याचा तट बांधायला गेली होती. साथ आली तसे काम थांबले, आणि काम थांबले तसा त्यांना घेऊन गेलेला मुकादम नाहीसा झाला. संकट आले की सर्वांत आधी कोण दिसेनासे होते, हे वाचकांना मी सांगायला नको. तेव्हा बायकापोरे, छिन्न्या-हातोडे आणि चार भांडी घेऊन टोळी पायीच घराकडे निघाली होती. पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याला त्यांची गावे होती. ऊन चढण्यापूर्वी तो डोंगर स्वच्छ दिसे, आणि टोळीतल्या बायका काही न बोलता त्याच्याकडे बघत उभ्या राहत.

गावच्या कोतवालाने त्यांना नदीच्या वाळवंटात, बाभळींच्या सावलीला राहू दिले, पण अट घातली. गावात पाऊल टाकायचे नाही. आणि टोळीतले एक जरी माणूस ज्वराने दगावले, तर सगळ्यांना परत घाटावर पिटाळले जाईल. घाटावर ना पाणी होते ना दाणा. लहान लेकरांना घेऊन ती चढण पुन्हा चढणे म्हणजे काय, हे कोतवालालाही कळत होते. पण तो गावाचा कोतवाल होता, वाळवंटाचा नव्हे.

त्या गावात एक वृद्ध वैद्य राहत. लोक त्यांना वैद्यबाबा म्हणत. त्यांचे गुडघे धरलेले होते, नजर मात्र शाबूत होती. निरंजन नावाचा त्यांचा शिष्य पंचविशी उलटलेला, हुशार, आणि एकदा काम हाती घेतले की स्वतःच्या जेवणाची आठवण न राहणारा. वाळूवर माणसे अडकली आहेत हे कळताच तो गुरूंकडे आला आणि म्हणाला की या लोकांच्या औषधपाण्याचे आणि अन्नाचे आपण पाहायला हवे. वैद्यबाबांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि सांगितले की ठीक आहे, हे काम तुझे.

निरंजनाने ते काम खरोखर उत्तम चालवले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दृष्टांतातला शिष्य म्हटला की तो बावळटच असणार, असे धरून चालण्याची आपल्याला खोड आहे. हा तसा नव्हता. गावातल्या सर्वांत मोठ्या धान्याच्या व्यापाऱ्याला, म्हणजे शेठजींना, त्याने गाठले. शेठजी दानशूर होते. आपण केलेले दान चार माणसांच्या नजरेस पडावे, एवढी माफक अपेक्षा मात्र ते बाळगून होते. निरंजनाने त्यांच्याकडून पीठ, डाळ, मीठ मिळवले. परक्याच्या हातचे खाण्याची सक्ती कोणावर नको, ज्याचा त्याने रांधून खावे, म्हणून शिधा कोरडाच द्यायचा, हेही त्याने विचारपूर्वक ठरवले होते.

साथीचे दिवस, म्हणून वाळूवर त्याने चुन्याची एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे निरंजन आणि औषधांची पेटी, पलीकडे रांग. फोड आलेल्या तळव्यांना तो तेल-हळद लावी, काढा देई, नाड्या पाही आणि मग शिधा वाटी. रांगेत सर्वांत पुढे नेहमी एक म्हातारा असे. सटवाजी त्याचे नाव. आयुष्यभर दगड फोडून छातीत धूळ बसलेली, त्यामुळे कोरडा खोकला सारखा चाललेला, पण माणूस हसरा. त्याच्यामागे त्याची बायको भिवराबाई उभी राही. टोळीचा म्होरक्या हैबती हा त्यांचा मुलगा, आणि तान्हे घेऊन बाभळीखाली बसणारी साळू ही त्यांची सून. घाट उतरताना ते तान्हे वाटभर म्हाताऱ्यानेच धोतराच्या झोळीत छातीशी बांधून आणले होते. खोकल्याने नातू हिंदकळतो आणि मग हसतो, असे तो निरंजनाला कौतुकाने सांगे.

सगळे सुरळीत चालले होते. मग एका सकाळी शिधा घ्यायला कोणी पुढेच आले नाही.

निरंजनाने हाका मारल्या. बऱ्याच वेळाने हैबती आला, हात जोडून शिधा घेतला आणि नेऊन झाडाखाली ठेवला. दुपारी पाहिले तर पोते तसेच बांधलेले होते. चुली गार. पोरांच्या हातावर मूठमूठ चणे ठेवलेले, मोठ्यांपैकी कोणाच्याच पोटात काही नव्हते. निरंजनाने हैबतीला कारण विचारले. तो वाळूकडे बघत म्हणाला, "भूक न्हाई, दादा." दुसऱ्याला विचारले, तिसऱ्याला विचारले, उत्तर तेच. सगळ्या टोळीची भूक एका दिवसात मेली, हे कुठल्या रोगाचे लक्षण, ते त्याला आठवेना. भिवराबाईला त्याने रेघेजवळ बोलावले आणि स्त्रियांची पाहतात तशी डाव्या हाताची नाडी पाहिली. नाडी मंद होती, पण ज्वर नव्हता. तिने हात मागे घेतला आणि पदराखाली झाकला.

सर्वांत वाईट अवस्था साळूची होती. तिचे दूध आटले होते. बाळ रडून रडून थकले होते आणि आता नुसते तोंड उघडत होते, आवाज निघत नव्हता. निरंजनाने शतावरी घातलेले गाईचे दूध तिच्यासाठी पाठवले. सासूनेही पी म्हणून डोळ्यांनी खुणावले. साळूने पेला ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"उतरंना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेठजी स्वतः वाळवंटात आले. त्यांच्या घरी पहिला नातू झाला होता आणि त्या आनंदात त्यांनी अडकलेल्या लोकांसाठी बुंदीचे लाडू वळून घेतले होते. गड्यांच्या डोक्यावर पराती, मागे गावातली रिकामटेकडी मंडळी, असा थाट होता. पराती उघडल्या. तुपाचा वास सुटला. पोरे धावली, आणि त्यांच्या आयांनी त्यांना धरून त्यांची तोंडे दुसरीकडे फिरवली. एकही हात पुढे आला नाही. शेठजींनी झाडाखालचे न उघडलेले पोतेही पाहिले, आणि त्यांचा चेहरा पडला. नातवाच्या नावाचा लाडू कोणी नाकारावा, याचे दुःख खरेच मोठे होते. पण दुःखाला रागाचा मुखवटा चढवायला माणसाला वेळ लागत नाही. गरिबाला मान शोभतो, माज शोभत नाही, असे ते सर्वांदेखत बोलले. उद्यापासून धान्य बंद. शिवाय ही माणसे काहीतरी लपवत आहेत, हे आपण कोतवालाच्या कानावर घालणार. रागात माणूस कधी कधी अंधारात बाण सोडतो आणि तो नेमका लागतो, तसे हे झाले होते.

निरंजन तसाच तडक गुरूंकडे आला. तो चिडला होता आणि त्या चिडण्याखाली रडू होते. त्याने सगळे सांगितले. आपण काय कमी केले, तेच कळत नाही, तो म्हणाला. जीव तोडून करावे आणि समोरच्याने हात जोडून ते बाजूला ठेवावे, याचा अर्थ काय लावायचा? आणि हे सगळे राहू दे, पण ते तान्हे उद्याचा दिवस काढील असे वाटत नाही.

वैद्यबाबांनी एवढेच विचारले, "भिवराबाईची नाडी पाहिलीस तेव्हा तिच्या मनगटात काय होते?"

हा प्रश्न निरंजनाला भलताच वाटला. "काही नव्हते," तो म्हणाला. "मनगट मोकळेच होते. म्हणूनच तर नाडी चटकन सापडली."

 वैद्यबाबा गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि स्वयंपाकघरात गेले. त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षे झाली होती. भाकऱ्या ते स्वतःच थापत, आणि त्या भाकऱ्यांच्या आकाराविषयी न बोललेले बरे. त्यांनी ज्वारीचे पीठ मळले, जाड जाड भाकऱ्या भाजल्या. फोडणी न देता पिठले हाटले. मागच्या दारी जाऊन कडुनिंबाची एक डहाळी तोडून आणली. टोपलीत भाकऱ्या, त्यावर पिठल्याचे भांडे, त्यावर निंबाचा पाला, असे फडक्यात बांधले. निरंजन दारात उभा राहून हे पाहत होता. जिथे उपाशी माणसांनी लाडू नाकारले, तिथे गुरुजी बिनफोडणीचे पिठले आणि कडू पाला घेऊन निघाले होते. आपल्या दुःखाने गुरूंच्या बुद्धीवर तर परिणाम झाला नाही ना, अशी शंकाही त्याच्या मनाला चाटून गेली. त्याने सवयीने औषधांची पेटी उचलली.

"ती राहू दे," वैद्यबाबा म्हणाले. "तुझ्या वहाणाही राहू देत."

उन्हे कलली होती, तरी वाळू तापलेली होती. एका हाताने निरंजनाचा खांदा धरून म्हातारा वैद्य अनवाणी चालत वाळवंटात आला. चुन्याची रेघ आली. वैद्यबाबांनी ती पाहिलीही नाही, सरळ ओलांडली. निरंजनाचे पाऊल क्षणभर अडखळले आणि मग तोही पलीकडे गेला. इतक्या दिवसांत त्याने ती रेघ पहिल्यांदाच ओलांडली होती.

भिवराबाई बाभळीच्या बुंध्याशी बसली होती. वैद्यबाबा तिच्या समोर बसले नाहीत, शेजारी बसले. विचारपूस केली नाही, धीर दिला नाही. फडके सोडले, निंबाचे पान स्वतःच्या जिभेवर ठेवून चावले, भाकरीचा तुकडा मोडून पिठल्याला लावला आणि तिच्यापुढे धरला.

"शेजारून भाकरी आलीय, बाई," ते म्हणाले. "घ्या."

भिवराबाईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले.  मग तिने जो हंबरडा फोडला, तो नदीच्या दोन्ही काठांना ऐकू गेला असेल. साळू धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. ज्या हैबतीने डोळे वर करून निरंजनाकडे पाहिले नव्हते, तो गडी गुडघ्यांत डोके घालून लहान मुलासारखा रडू लागला. एकेक करून सगळी टोळी तिथे गोळा झाली. कोणी कोणाला गप्प केले नाही. रडणे ओसरले तेव्हा भिवराबाईने निंबाचे पान चावले आणि तो घास वैद्यबाबांच्या हातून घेतला. मग हैबतीने घेतला, मग साळूने. टोपली फिरत फिरत निरंजनापाशी आली आणि त्यानेही पान चावून एक तुकडा खाल्ला. वैद्यबाबांनी साळूचे तान्हे मांडीवर घेतले आणि हैबतीला सांगितले की आता चूल पेटवा, पोते सोडा, आणि या पोरीला आधी दूध द्या. या वेळी साळूने पेला खाली ठेवला नाही.

चुलींचा धूर वर जाऊ लागला तसे गुरू-शिष्य पाण्याच्या कडेला जाऊन बसले. निरंजनाला एवढे कळले होते की इथे कोणीतरी गेले आहे. रांगेत नेहमी सर्वांत पुढे असणारा म्हातारा सटवाजी दोन दिवसांत कुठेच दिसला नव्हता, हे त्याला आत्ता आठवत होते. बाकीचे त्याला गुरूंकडून ऐकायचे होते.

"तुझे वडील गेले त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटली होती का?" वैद्यबाबांनी विचारले.

पेटली नव्हती. शेजारच्या काकू पिठले-भाकरी घेऊन आल्या होत्या. निरंजन नको म्हणत होता आणि काकू काही न बोलता घास तोंडाशी धरून बसल्या होत्या. कडू भाकरी म्हणतात तिला, हे त्याला चांगले ठाऊक होते. पुढे कितीतरी घरी तो स्वतः अशी टोपली घेऊन गेला होता.

"यांच्या गावची रीत तीच आहे," वैद्यबाबा म्हणाले. "पण हे सगळे एकाच भावकीतले, सुतक सगळ्यांनाच. कडू भाकरी शेजाऱ्याने आणायची असते. या वाळूवर शेजारी कोण? समोर डोंगर दिसतो, पण तिथून भाकरी यायची नाही. शेजारी म्हणजे आपणच, निरंजना. तू यांना पीठ दिलेस, पण सुतकाची चूल यांनी पेटवायची कशी? शेठजींनी आणले ते गोडाचे. तुम्ही दोघांनी आणलेले सगळेच चांगले होते. फक्त आपण ज्यांच्याकडे चाललो आहोत त्यांच्या घरी आज काय झाले आहे, एवढे पाहायचे राहिले."

"पण त्यांनी सांगितले का नाही, बाबा?"

"सांगतील कसे? मरण कळले की ते ज्वराचेच धरून कोतवाल घाटावर हाकलणार. म्हणून म्हाताऱ्याला यांनी मुकाट्याने मातीआड केले, त्याच्या बायकोने आवाज न करता बांगड्या उतरवल्या आणि रडणेसुद्धा गिळले. रडणे गिळलेल्या घशातून दुसरा घास उतरत नाही. तू तिचा हात हातात घेतला होतास. सगळा हात उन्हाने रापलेला, आणि मनगटाशी बांगड्यांच्या जागेवर तेवढा उजळ पट्टा. तो आत्ता मीही पाहिला. तू नाडी पाहिलीस, मनगट पाहिले नाहीस."

 निरंजनाने हळूच विचारले की पेटी का आणू दिली नाहीत.

"पेटी हाती असती तर वैद्य आला असे झाले असते," वैद्यबाबा म्हणाले. "वैद्यापासूनच तर ते मरण लपवत होते. शेजाऱ्यापासून मरण कोण लपवतो? मग भाकरी कोण आणणार?"

इतक्यात गावाच्या बाजूने माणसे येताना दिसली. पुढे कोतवाल, मागे दोन शिपाई आणि शेठजी. तो हंबरडा गावात पोहोचला होता. रेघेपाशी थांबून कोतवालाने मोठ्याने विचारले की इथे कोण मेले आणि कशाने. हैबती उठला.  त्याने खरे ते सांगितले: बाप गेला, आणि भीतीपोटी आम्ही बोललो नाही. कोतवालाने अट काय होती याची आठवण करून दिली. शिपायांनी काठ्या सरसावल्या. बायकांनी पोरांना जवळ ओढले.

वैद्यबाबा काही बोलतील म्हणून निरंजनाने त्यांच्याकडे पाहिले. ते वाळूत बोटाने रेघोट्या काढत बसले होते. तेव्हा निरंजन स्वतःच उठला.

त्याने सांगितले की सटवाजीची नाडी आपण रोज पाहत होतो. त्याला एकदाही ज्वर नव्हता. खोकला कोरडा होता आणि छातीत जन्मभराची दगडाची धूळ होती. तटबंद्या बांधणारी माणसे अशीच जातात, फक्त ती आपल्यासमोर जात नाहीत. इथे कोणालाही ज्वर नाही. कोतवालाला हे पटल्यासारखे दिसले, पण शेठजी मागून म्हणाले की हा पोरगा दयेपोटी बोलतो आहे, उद्या गावात साथ शिरली तर जबाबदार कोण?

"मी," निरंजन म्हणाला. "मी यांच्याबरोबर एका टोपलीत जेवलो आहे. नाव सुरू होईपर्यंत मी गावात येणार नाही, यांच्यातच राहीन. ज्वर असेल तर आधी मला येईल, मग काय करायचे ते करा."

कोतवालाने वृद्ध वैद्याकडे पाहिले. वैद्यबाबा म्हणाले की शिष्याचे बोलणे हेच आपले बोलणे समजावे. आपले गुडघे धरलेले नसते तर आपणही राहिलो असतो. कोतवाल जरा वेळ मिशी चावत उभा राहिला. त्यालाही लेकरे होती. मग त्याने शिपायांना वळायला सांगितले. शेठजी मात्र तिथेच रेंगाळले. बाभळीखालच्या टोपलीकडे, तिच्यातल्या निंबाच्या काड्यांकडे त्यांची नजर गेली, आणि आपण लाडू घेऊन कोणाच्या दारात उभे राहिलो होतो, हे त्यांच्या ध्यानात आले.  दुसऱ्या दिवशी धान्य आले, आणि त्यासोबत कोणी बघे आले नाहीत.

निरंजन वाळूवर राहिला. गुरूंनी पेटी पाठवून दिली, तीही बाभळीखालीच राहिली. तो टोळीसोबत साधे अळणी जेवला, त्यांच्यासारखाच जमिनीवर निजला, दाढी केली नाही. चुन्याची रेघ कोणी मुद्दाम पुसली नाही. पोरांच्या पायांनी ती आपोआप वाळूत मिसळून गेली. पहिल्या दोन दिवसांतच साळूचे दूध परत आले. संध्याकाळी भिवराबाई नवऱ्याविषयी बोले आणि निरंजन ऐके. म्हाताऱ्याला घरी पोहोचायची फार घाई होती, असे ती सांगे. नातवाला गावची विहीर दाखवायची होती, ती त्याने स्वतः बांधून काढली होती.

सुतक फिटून गोडाचा दिवस आला. त्या दिवशी घरात गोड करून तोंड गोड करायचे असते, म्हणजे शोक संपला नाही तरी रोजच्या जगण्याला वाट मोकळी होते. भिवराबाईने हैबतीला शेठजींकडे निरोप धाडायला सांगितले.

"त्यास्नी म्हणावं, नातवाचं लाडू आज घिऊन या. आमी खातो."

शेठजी आले. या वेळी गडी नव्हते. परात त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली होती आणि पायांत काही नव्हते. वाळूने भाजत असावे, कारण ते नाचल्यासारखे पावले टाकत होते आणि पोरे हसत होती. परात त्यांनी भिवराबाईपुढे ठेवली आणि हात जोडले. भिवराबाईने त्यांच्या नातवाचे नाव विचारले. नाव सांगताना शेठजींचे डोळे भरून आले.

लाडू पहिल्यांदा घरच्या, सुतकातल्या माणसाच्या मुखात घालायचा असतो. हैबती पुढे सरकून बसला, कारण तो मान मुलाचा. वैद्यबाबाही काठी टेकत येऊन बसले होते. भिवराबाईने लाडू मोडला, मुलाला ओलांडून ती पलीकडे गेली आणि निरंजनासमोर बसली.

"पयला घास ह्याला," ती म्हणाली. "ह्यो बी आमच्या सुतकातला हाये."

निरंजनाने तोंड उघडले. घास जिभेवर आला. त्याला तो काही केल्या गिळता येईना. भिवराबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, वडील गेले त्या दिवशी शेजारच्या काकूंनी फिरवला होता तसाच.

"उतरंल, बाबा," ती म्हणाली. "हळूहळू खा."

काही दिवसांनी नाव सुरू झाली आणि टोळी आपल्या डोंगराकडे निघून गेली. पुढे निरंजन त्या गावाचा वैद्य झाला. कोणाच्याही घरी तो गेला, तर दारात क्षणभर थांबून आत चूल पेटलेली आहे की नाही ते आधी पाही, आणि मगच हातात काय न्यायचे ते ठरवी. दुसऱ्याच्या दारी काही घेऊन जाणाऱ्या आपण सर्वांनी एवढे थांबायला हरकत नसावी.